गुडघा वर येतो तेव्हा

(स्मृतिव्याख्यानमालेत नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते सर गणित शिकवायचे आणि शाळेत सायकलवरून यायचे. तेवढा धागा धरून मी आज सायकलच्या एकाच मापाबद्दल बोलणार आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा धरून माझ्याकडे येणाऱ्यांत सायकलवाले पुष्कळ असतात, आणि हे माप त्यांच्यापैकी फार थोड्यांनी कधी पाहिलेलं असतं.

माप आहे क्रँकच्या लांबीचं. पॅडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं तो दांडा म्हणजे क्रँक. मधल्या एक्सलच्या केंद्रापासून पॅडलच्या एक्सलच्या केंद्रापर्यंत जे अंतर भरतं, ती तिची लांबी. घरी गेल्यावर क्रँकची आतली बाजू, पॅडलचे आटे आहेत तिथं, फडक्यानं पुसून बघा. बहुतेक गिअरच्या सायकलींवर १७० हा आकडा उमटवलेला दिसेल. कुणाच्या सायकलवर १६५ असेल, कुणाच्या १७५. हे मिलिमीटर आहेत. आपल्या वडिलांच्या काळ्या, कॉटर पिनच्या सायकलींवर इंग्रजी वळणाचं साडेसहा इंचाचं माप असायचं, म्हणजे १६५ मिमीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पायाच्या लांबीवरून क्रँकची एकच एक अचूक लांबी निघत नाही, निघते ती कमाल मर्यादा. मर्यादेच्या आत क्रँक आखूड असली तर काही बिघडत नाही. मर्यादेबाहेर गेली तर त्याची किंमत गुडघा आणि खुबा मोजतात. आणि आपल्याकडच्या आखूड पायांच्या माणसांना, विशेषतः बायकांना आणि मुलींना, बाजारात मिळणारी क्रँक बहुतेक वेळा मर्यादेबाहेरची असते.

आता थोडं गणित. सीटची उंची किती असावी याचा एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा हिशेब इंग्लंडमधल्या लफबरोच्या हॅम्ली आणि थॉमस यांनी १९६७ साली मांडला. जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची जी लांबी भरते तिच्या १०९ टक्के अंतर सीटच्या माथ्यापासून खाली गेलेल्या पॅडलपर्यंत असावं, असा तो हिशेब. दोन माणसं घेऊ. एकाचा पाय ८५ सेंटिमीटर, दुसरीचा ७०. खालच्या टोकाला त्यांचं सीट-पॅडल अंतर झालं ९२.७ आणि ७६.३ सेंटिमीटर. पॅडल वर आलं की या अंतरातून क्रँकच्या लांबीची दुप्पट वजा होते. दोघांना १७० ची क्रँक दिली तर दोघांचेही ३४ सेंटिमीटर वजा होतात. उंच माणसाकडे उरतात ५८.७, म्हणजे मूळ अंतराचे ६३ टक्के. बुटक्या बाईकडे उरतात ४२.३, म्हणजे ५५ टक्के. तेवढ्या जागेत तिला मांडी आणि नडगी दुमडून बसवायची असते. अंशांत सांगायचं तर त्याचा गुडघा साधारण १०६ अंश वाकतो आणि तिचा ११६. हा हिशेब ढोबळ आहे, मांडी आणि नडगी समान लांबीची धरून केलेला आहे, पण फरक दहाएक अंशांचा पडतो यात शंका नाही. तिला त्याच्याइतकीच मोकळीक द्यायची तर क्रँक १४० ची लागेल.

हे दहा अंश कुठे पडतात ते बघा. गुडघा जितका जास्त वाकलेला असेल आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागेल, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. पॅडलवर जोर सुरू होतो तो वरच्या टोकाच्या जरा पुढेच. शिवाय मांडी वर येताना खुब्याचीही घडी होते, आणि हँडल खाली असेल, माणूस वाकून बसलेला असेल, तर ती आणखी घट्ट होते. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे ही लांब पल्ल्याची सायकलफेरी साडेतेरा तासांच्या आत संपवायची असते. समजा दहा तास पॅडल मारलं, मिनिटाला ७५ फेऱ्या धरल्या आणि उतारावर पाय थांबले तो वेळ वगळला, तरी एकेका गुडघ्याच्या चाळीस हजार घड्या होतात. एका घडीत न जाणवणारी गोष्ट चाळीस हजारांत जाणवते.

मग सगळ्यांना एकच क्रँक आली कुठून? सायकलच्या इतिहासात एक काळ असा होता की दुकानात आधी पाय मोजला जाई. १८७० आणि ८० च्या दशकांतली ती पुढे प्रचंड चाक असलेली सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या एक्सलवर, त्यामुळे पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. चाक जितकं मोठं तितकं अंतर जास्त, आणि चाक किती मोठं घ्यायचं याला मर्यादा एकच, तुमचा पाय. म्हणून ५० इंची, ५४ इंची, ५८ इंची चाकं पायाच्या मापानं विकली जात. अनेक सायकलींच्या क्रँकला लांबट खाच असायची आणि तिच्यात पॅडल मागेपुढे सरकवून क्रँकची लांबी जमवता यायची. गिअर इंचांत मोजण्याची पद्धत त्याच चाकांपासून आली.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. चाकाच्या आकाराचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला. हे फार मोठं काम झालं, कारण उंच, धाडसी तरुणांची सायकल सगळ्यांची झाली. पण पाय मोजायची सवय दुकानातून गेली ती गेलीच. चाकाबरोबर क्रँकही सगळ्यांना सारखी झाली. क्रँक घडवायची तर प्रत्येक लांबीला वेगळा साचा लागतो, डावी-उजवी जोडी लागते, दुकानात साठा ठेवावा लागतो. कारखान्याच्या सोयीनं मोठ्या माणसांच्या सायकलींत तीन-चार मापं उरली: १६५, १७०, १७२.५ आणि १७५. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात फरक सहा टक्क्यांचा. मोठ्या माणसांचे पाय मात्र ६८ सेंटिमीटरपासून ९० पर्यंत सहज भेटतात, म्हणजे फरक बत्तीस टक्क्यांचा. चपलेला नंबर असतो हे आपण गृहीत धरतो. क्रँकला नंबर असूनही आपल्याला तो कुणी विचारत नाही.

बायकांच्या सायकलीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. लेडीज सायकल करताना आडवी नळी खाली घेतली, चेनवर झाकण घातलं, मागच्या चाकाला जाळी लावली. सगळं कपड्यांसाठी. साडी किंवा झगा कसा राहील याचा विचार झाला, पाय किती लांब आहे याचा झाला नाही. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. तिचा पाय जांघेपासून ७० च्या आसपास भरतो. क्रँक मात्र तीच, तिच्या भावाच्या सायकलची.

याला दुकानदार आणि कधीकधी चांगले प्रशिक्षकही एक उत्तर देतात: क्रँक लांब तर ताकद जास्त, आखूड घेतलीत तर ताकद जाईल. या उत्तराची नीट तपासणी झालेली आहे. जिम मार्टिन आणि वॅनीन स्पिर्दुसो यांनी २००१ साली सोळा सरावलेल्या सायकलपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी पाच क्रँक घेतल्या: १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिमी. म्हणजे लहान मुलाच्या सायकलपासून ते बाजारात कधी दिसणारही नाही इथपर्यंत. प्रत्येक क्रँकवर त्या माणसांची जास्तीत जास्त शक्ती मोजली. एवढी ओढाताण करूनही सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट क्रँकमधला फरक निघाला सुमारे चार टक्के, आणि तोही १२० आणि २२० या टोकांना. १४५ आणि १७० यांच्यात धरण्यासारखा फरक नव्हता. शरीर काय करतं तेही या प्रयोगात दिसलं. आखूड क्रँकवर पाय जास्त भरभर फिरतात, १२० वर मिनिटाला १३६ फेऱ्यांना शक्ती सर्वाधिक होती, तर २२० वर ११० फेऱ्यांना. पुढच्याच वर्षी मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५, १७० आणि १९५ च्या क्रँकवर शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे तपासलं. तिथंही क्रँकच्या लांबीचा परिणाम नगण्यच होता. खर्च ठरत होता तो किती काम केलं आणि पॅडल किती वेगानं फिरवलं यावर.

२००१ च्या प्रयोगातून असाही निष्कर्ष निघाला की पायाच्या लांबीच्या सुमारे २० टक्के क्रँक सर्वाधिक शक्तीसाठी उत्तम, पण १७० ची क्रँक बहुतेक प्रौढांना शक्तीच्या बाबतीत फारशी कमी पडत नाही. सायकल व्यवसायाला या वाक्याचा उत्तरार्ध फार सोयीचा पडतो: बघा, १७० सगळ्यांना चालते. मी हेच वाक्य उलट्या बाजूनं वाचते. १४५ नं शक्ती कमी होत नसेल, तर ७० सेंटिमीटर पायाच्या बाईला १७० देण्याचं कारण काय उरतं? प्रयोग होता काही सेकंदांच्या जोराचा. चाळीस हजार घड्यांनंतर गुडघ्याचं काय होतं हा प्रश्न तिथं विचारलेलाच नव्हता.

सायकल शर्यतींतही हेच दिसतं. स्पेनचे मिगेल इंदुराइन, उंची १.८८ मीटर, यांनी १९९४ साली बोर्दोला एका तासात ५३.०४० किलोमीटरचा विक्रम केला तो १९० ची क्रँक लावून. तीस वर्षांनी, २०२४ साली, स्लोव्हेनियाचे तादेय पोगाचार यांनी इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि जागतिक स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्यांनी १७२.५ सोडून १६५ ची क्रँक घेतली होती. त्यांची उंची १.७६ मीटर. आपल्या सभागृहातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा उंच माणूस १६५ वर घाट चढतो, आणि आपल्या दीड मीटर उंचीच्या सुनेला आपण १७० वर बसवतो.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर त्यातली खरी अडचण लपवायची नाही. आखूड क्रँक म्हणजे आखूड तरफ. तेवढ्याच गिअरला पॅडलवर जास्त जोर लागतो, हे खरंच आहे. १७० वरून १५५ वर आलात तर तरफ नऊ टक्क्यांनी आखडते. उपाय गिअरमध्ये आहे. मागच्या चाकाचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं असेल तर ३१ दात्यांचं घ्या, कसारा घाटात पायाला पूर्वीइतकाच जोर लागेल, फक्त फेऱ्या थोड्या जास्त होतील. क्रँक बदलून गिअर न बदलणं हा अर्धवट उपाय आहे, आणि मग "आखूड क्रँकनं चढ जमत नाही" असं म्हणत लोक परत जुनी क्रँक बसवतात.

बिनगिअरच्या सायकलीचं प्रकरण वेगळं आहे. दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारा माणूस, कॅरिअरवर पोतं बांधलेला माणूस, यांना थांबलेली सायकल ओढून काढायची असते आणि गिअर एकच असतो. तिथं लांब क्रँकचा फायदा खरा आहे. त्यांनाही मागचं फ्रीव्हील १८ ऐवजी २० दात्यांचं घेता येतं, पण सपाटीवरचा वेग त्या प्रमाणात उतरतो, आणि ज्याचं पोट त्या वेगावर आहे त्याला मी हा सल्ला देणार नाही. त्याची सीट तेवढी योग्य उंचीवर आणून देईन.

सीटबद्दल जरा थांबून बोलते, कारण क्रँकवर खापर फोडण्याआधी सीट बघायची असते. आपल्याकडे सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. सीट दोन इंच खाली असेल तर उत्तम क्रँकवरही गुडघा नको तितका वाकतो. माझ्याकडे गुडघा घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण नुसती सीट वर केल्यावर बरे होतात. क्रँकचा प्रश्न उरतो तो सीट बरोबर असूनही ज्यांचा त्रास जात नाही त्यांच्यासाठी.

अशीच एक शिक्षिका आली होती. पाय ६९ सेंटिमीटर, सायकल चांगली, सीट मोजून लावलेली. म्हणाली, "मॅडम, चढावर वाकले की गुडघा पोटाला लागतो हो, म्हणून मी तो बाहेर काढते." सायकल स्टँडवर चढवून तिला पॅडल मारायला सांगितलं आणि मी मागे उभी राहिले. पॅडल वर येताना प्रत्येक वेळी गुडघा बाहेर फेकला जात होता, खाली जाताना आत येत होता. समोरून पाहिलं तर गुडघ्याची वाटी सरळ रेषेत चालण्याऐवजी वाटोळी फिरत होती. कंबर डावीकडे उजवीकडे डुलत होती. पोटाला वाट करून देण्यासाठी गुडघा बाहेर जात होता आणि दुखत होता तो वाटीच्या आतल्या कडेला. आम्ही १७० काढून १५५ लावली. क्रँक १५ मिमी आखूड झाली म्हणून सीट १५ मिमी वर घेतली, नाहीतर खालच्या टोकाला पाय वाकलेलाच राहिला असता. दोन्ही मिळून वरच्या टोकाला तिला ३० मिमी जागा मिळाली. सीट वर गेल्यानं हँडल तेवढंच खाली पडल्यासारखं होतं, म्हणून हँडल धरणाऱ्या स्टेमखाली रिंगा टाकून तेही वर घेतलं. हे शेवटचं काम बहुतेक ठिकाणी विसरतात आणि मग मान दुखायला लागते. त्याच स्टँडवर पुन्हा पाहिलं तेव्हा गुडघा सरळ खालीवर जात होता. दुखणं जायला काही आठवडे लागले, कारण सुजलेल्या जागेला वेळ हवाच असतो.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही रुग्णाला व्यायामाच्या सायकलवर बसवतो तेव्हाही याच तत्त्वाचा आधार घेतो. नेहमीच्या क्रँकवर पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. ज्याचा ९० अंशांवर अडतो त्याला क्रँक आखूड करून देणारं उपकरण लावतात, आणि मग जसजसा गुडघा मोकळा होईल तसतशी लांबी वाढवत नेतात.

आता तुमची मर्यादा कशी काढायची? पँटचं माप चालत नाही, कारण शिंपी जांघेखाली सैल सोडतो. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं, वर घट्ट दाबून धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजलं की माप चुकतं.

या मापावरून क्रँक काढायची सूत्रं बरीच आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोचे सायकल बनवणारे लेनर्ड झिन २१ ते २१.६ टक्के सांगतात. दुसरं एक प्रचलित सूत्र आहे: सेंटिमीटरमधल्या मापाला सव्वानं गुणा आणि ६५ मिळवा, उत्तर मिलिमीटरमध्ये. ९५ सेंटिमीटरच्या लांब पायाला पहिलं सूत्र दोनशेच्या आसपास सांगतं आणि दुसरं १८४, म्हणजे उंच माणसांबाबत त्यांचं भांडण मोठं आहे. ७० सेंटिमीटरच्या पायाला मात्र पहिलं १४७ ते १५१ म्हणतं, दुसरं १५२.५. आखूड पायांच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे, आणि त्या एकमतापासून बाजार दोन सेंटिमीटर दूर आहे. माझा स्वतःचा अंदाज सांगायचा तर ७५ च्या खाली पाय असेल तर १५० ते १५५, ८० पर्यंत १६० किंवा १६५, ८० ते ८६ ला १६५ किंवा १७०, आणि त्याच्या वर सायकलवर आली असेल ती. शंका असेल तर आखूड घ्या. पोट सुटलेलं असेल, खुबा आखडलेला असेल, गुडघ्याची झीज सुरू झाली असेल, तर एक पायरी आणखी खाली या. लहान फ्रेमच्या सायकलवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं, तो त्रासही आखूड क्रँकनं कमी होतो.

मिळते कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि इथं मला राग येतो. महागड्या रस्त्याच्या सायकलींसाठी शिमानो कंपनीची क्रँक १६० पासून मिळते. साध्या सायकलीला हवी असेल तर दुकानदार मान हलवतो. ज्यांचे पाय आखूड आहेत आणि खिसाही लहान आहे त्यांच्यासाठी माप नाही. यातून वाट काढणारे मेकॅनिक आपल्या शहरात आहेत. चौकोनी एक्सलची सायकल असेल तर २४ इंची मुलांच्या सायकलची १५२ ची क्रँक बसू शकते, फक्त चेनची रेघ सरळ येते ना हे बघावं लागतं, नाहीतर एक्सल कमी-जास्त लांबीचा घालावा लागतो. इंग्लंडमध्ये आयला रोन्ट्री यांनी आयलाबाइक्स ही कंपनी काढली तेव्हा लहान मुलांच्या सायकलींना त्यांच्या पायाच्या मापाच्या क्रँक दिल्या आणि पालकांनी त्या आनंदानं घेतल्या. म्हणजे कारखान्याला हे अशक्य नाही.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळा दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ही योजना मला मनापासून आवडते. सायकल हातात आली म्हणून शाळा सुटली नाही अशा मुलींना मी भेटले आहे. तिथं खरेदीच्या तपशिलात चाकाचा आणि फ्रेमचा आकार लिहिला जातो, त्याच्या शेजारी एक ओळ क्रँकची लिहावी: १५० मिमी. एका वेळी इतक्या सायकली घेतल्या जातात की कारखान्याला साचा परवडेल, आणि एकदा साचा झाला की तीच क्रँक बाजारातही येईल. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली तेव्हापासून या शहराचं सायकलीच्या जगात वजन आहे. इथल्या सायकल संघटनांनी ही ओळ घालण्यासाठी सरकारला निवेदन द्यावं अशी माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे, तो आयोजकांकडे ठेवते. आकडे तपासून घ्या, काही दुरुस्ती असेल तर सुचवा, आणि पटला तर सही करा.

मागच्या दाराशी भिंतीलगत टेप आणि पुस्तक ठेवलं आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथं थांबतील. चपला काढून या.